वीज अडते ती परतीच्या वाटेवर

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबाच्या मोटारीला वर्षातून एकदोन लांबचे प्रवास चुकत नाहीत. इंदूरचे कुटुंब सेंधव्यापुढचा बिजासन घाट ओलांडून धुळ्याकडे निघते, बडोद्याचे सापुताऱ्यावरून नाशिक गाठते, बेळगावचे चोर्ला घाटाने गोव्यात उतरते, तर हैदराबादचे सोलापूरच्या रस्त्याला लागते. लग्नकार्य असो वा गौरीगणपती, निघायला उशीर होतो आणि प्रवासाचा शेवटचा टप्पा अंधारात पडतो. अशा वेळी गाडीच्या इंजिनाची चौकशी सर्वांनी केलेली असते; दिव्यांची चौकशी मात्र क्वचितच कोणी करतो.

वास्तविक इंजिन बिघडले तर गाडी जागच्या जागी उभी राहते आणि बिघाड आपणहून जाहीर होतो. दिव्यांचे तसे नाही. मागचा दिवा विझला तरी गाडी धावतच राहते, आणि तो विझला आहे हे मागून भरधाव येणाऱ्या ट्रकचालकाखेरीज कोणासही दिसण्याजोगे नसते. त्यालाही ते कळते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. म्हणूनच विजेचे बिघाड हा केवळ गॅरेजवाल्याचा विषय नसून कुटुंबातील प्रत्येक जाणत्या माणसाचा विषय आहे.

एकच तार का?

चाकातील हवा गेली तर डोळ्यांना दिसते, रेडिएटर गळला तर त्याची खूण जमिनीवर उमटते. वीज मात्र अदृश्य, म्हणून तिची भीती वाटते. परंतु मोटारीतील विजेची मांडणी घरातील विजेहून सोपी आहे. घरात प्रत्येक दिव्याला निदान दोन तारा जातात. मोटारीत पुष्कळ ठिकाणी दिव्याकडे जाणारी तार तेवढी स्वतंत्र असते. परतीच्या तारेचे काम गाडीचा पोलादी सांगाडाच करतो. बॅटरीचे ऋण टोक एका जाड तारेने या सांगाड्याला जोडलेले असते. गॅरेजच्या भाषेत यालाच 'अर्थ' म्हणतात, जरी जमिनीशी त्याचा काडीचाही संबंध नसला तरी.

वीज बॅटरीच्या धन टोकाकडून निघते. फ्यूज, बटण आणि दिवा असा प्रवास करून सांगाड्यातून ऋण टोकाशी परत येते. ही फेरी पूर्ण झाली तरच दिवा लागतो. दिवा लागला नाही की आपण बल्ब पाहतो, फ्यूज पाहतो, म्हणजे जाण्याची वाट तपासतो. परतीची वाट तपासण्याचे सहसा कोणाला सुचत नाही. आणि पावसाळा, चिखल, समुद्राकाठची खारी हवा यांचा मारा सर्वांत अधिक होतो तो या परतीच्या वाटेवरील उघड्या स्क्रूंवर आणि पट्ट्यांवर. तेथे गंज चढला की वीज अडखळते.

अशा बिघाडाची लक्षणे मोठी चमत्कारिक असतात. ब्रेक दाबावा तर मागचा इंडिकेटर मंद उजळतो. इंडिकेटर लावावा तर शेजारचा पार्किंगचा दिवा त्याच तालावर लुकलुकू लागतो. स्वतःची वाट बंद झालेली वीज शेजारच्या बल्बच्या तारेतून परतण्याची धडपड करीत असते, एवढाच त्याचा अर्थ. परीक्षा सोपी आहे. एक सुटी तार घेऊन तिचे एक टोक दिव्याच्या अर्थच्या जोडाला व दुसरे बॅटरीच्या ऋण टोकाला लावावे. दिवा लख्ख लागला तर दोष अर्थचाच. स्क्रू काढून जागा काचकागदाने चकचकीत घासावी आणि पुन्हा घट्ट आवळावी. नवा बल्ब, नवा दिवा, नवे वायरिंग असा खर्च टळतो.

बॅटरीची नाडी

गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली शिशाची पुन्हा भारित होणारी बॅटरी तयार केली. आपल्या पेट्रोल-डिझेलच्या मोटारीत आजही मूलतः तीच बॅटरी असते. तिच्यात सहा घरे असतात व प्रत्येक घर दोन व्होल्टांहून थोडी अधिक विद्युतशक्ती देते. १९१२ साली अमेरिकेतील कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंग यांच्या प्रयत्नाने विजेचा स्टार्टर आला आणि हँडल मारण्याचा जाच संपू लागला. तेव्हापासून गाडीचा सारा भार या बॅटरीवर पडला.

साधा मल्टिमीटर ही आता महाग वस्तू राहिलेली नाही. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी बॅटरीच्या दोन्ही टोकांना तो लावावा. १२.६ व्होल्टांच्या आसपास आकडा दिसला तर बॅटरी भरलेली आहे, १२.२ म्हणजे जवळजवळ निम्मी. १२ च्या खाली गेला तर ती रिकामी होत आली आहे असे समजावे. मग इंजिन सुरू करून पुन्हा पाहावे. साधारणपणे १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले तर अल्टरनेटर आपले काम करीत आहे. दिवे लावूनही आकडा १३ च्या वर चढत नसेल तर चार्जिंगमध्ये खोट आहे. तो १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर बिघडलेला असून बल्ब वरचेवर जळणे आणि बॅटरीचे पाणी आटणे हे त्याचे परिणाम दिसतील. काही नव्या गाड्यांत संगणक हे चार्जिंग गरजेनुसार कमीअधिक करतो, तेथे गाडीच्या पुस्तिकेतील आकडे प्रमाण मानावेत.

सेल्फ मारताना दिव्यांकडे लक्ष ठेवले तर मीटरवाचूनही बरेच कळते. सेल्फ मारताच दिवे एकदम मालवले, तर बॅटरी अशक्त आहे किंवा तिचे टर्मिनल सैल वा गंजलेले आहे. दिवे तसेच तेजस्वी राहिले आणि सेल्फ मात्र फिरला नाही, तर दोष सेल्फमध्ये अथवा त्याच्याकडे जाणाऱ्या मार्गात. स्टार्टरला क्षणभर शंभराहून अधिक अँपिअर लागतात. एवढा प्रवाह सैल जोडातून जाऊ शकत नाही. म्हणून नवी बॅटरी घेण्यापूर्वी टर्मिनलवर साचलेला पांढरा-हिरवट थर पाहावा. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून तो धुवावा, टर्मिनल कोरडे करून आवळावे आणि वरून व्हॅसलीनचा हात फिरवावा. तारा सोडविताना ऋण टोक आधी आणि जोडताना शेवटी, हा नियम कधीही मोडू नये. धन टोकावरील पाना चुकून सांगाड्याला लागला आणि ऋण टोक जोडलेले असले, तर ठिणग्यांचा भडका उडतो.

फ्यूज हा पहारेकरी

फ्यूज जळणे हा रोग नव्हे. ते रोगाचे लक्षण आहे. तारेतून पेलवेल त्याहून अधिक प्रवाह जाऊ लागला की फ्यूजने स्वतः जळून तारेला वाचवायचे, एवढ्यासाठीच त्याची नेमणूक. आजच्या पात्यांच्या फ्यूजवर आकडा असतो आणि रंगही ठरलेले असतात: १० अँपिअरचा तांबडा, १५ चा निळा, २० चा पिवळा, ३० चा हिरवा. तांबडा वारंवार जळतो म्हणून त्या जागी हिरवा बसविणे, किंवा पूर्वी पाहावयास मिळे त्याप्रमाणे सिगारेटच्या पाकिटातील चांदी गुंडाळणे, म्हणजे झोपलेल्या घराचा पहारेकरी रजेवर पाठविणे होय. मग फ्यूजऐवजी तार तापते, तिचे आवरण वितळते, आणि आग लागते ती डॅशबोर्डच्या आत, हात पोचणार नाही अशा ठिकाणी.

एकदा जळलेला फ्यूज त्याच आकड्याचा घालून बदलावा. पुन्हा लगेच जळला तर त्या फ्यूजवर चालणारी उपकरणे बंद करून एकेक चालू करीत जावे. ज्याच्या वेळी फ्यूज जातो, त्याच्या वाटेवर तार कोठेतरी घासून उघडी पडलेली असते, अथवा उंदराने कुरतडलेली असते. बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीत उंदराचा संशय आधी घ्यावा.

प्रखर बल्बचा मोह

हेडलाइट मंद वाटू लागले की अधिक वॅटचे बल्ब बसविण्याचा मोह होतो. येथे थोडा हिशेब करून पाहावा. अनेक गाड्यांतील हॅलोजन बल्ब अप्परला ६० आणि डिपरला ५५ वॅटचा असतो. १२ व्होल्टांवर दोन्ही अप्पर मिळून सुमारे १० अँपिअर प्रवाह घेतात. त्याजागी १०० वॅटचे दोन बल्ब आले की हाच आकडा १७ च्या घरात जातो. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे मूळची तार पावणेतीन पटींहून अधिक तापू लागते. स्वतंत्र रिले आणि जाड तार यांवाचून हा प्रयोग करणे म्हणजे बटण आणि होल्डर वितळण्यास आमंत्रण देणे.

उलट उपाय स्वस्त आहे. हॅलोजन बल्बपर्यंत पोचणारे व्होल्ट दहा टक्क्यांनी घटले तर प्रकाश सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. हे दहा टक्के गंजलेल्या होल्डरात आणि सैल अर्थमध्येच हरवलेले असतात. ते परत मिळविले तर जुनाच बल्ब नव्यासारखा उजळतो. दुसरे कारण म्हणजे प्लास्टिकची काच. उन्हातील अतिनील किरणांनी ती पिवळी पडते व तिला पॉलिश करून घ्यावे लागते. बाजारात मिळणारे एलईडी बल्ब हॅलोजनसाठी घडविलेल्या परावर्तकात बसविले, तर प्रकाशाचा उगम नेमक्या जागी येईलच असे नाही. प्रकाश विस्कटतो आणि समोरच्याचे डोळे दिपतात. हॅलोजन बल्ब बदलताना त्याच्या काचेला बोट लावू नये. बोटाच्या तेलकटपणाने काच एकाच ठिकाणी तापून बल्ब लवकर जातो.

आणखी एक गोष्ट कुटुंबाच्या प्रवासात विशेष विसरली जाते. डिकीत ट्रंका आणि मागे चार माणसे बसली की गाडीचे नाक वर होते व डिपरसुद्धा समोरच्याच्या डोळ्यांवर जाऊ लागतो. पुष्कळ गाड्यांत स्टिअरिंगजवळ दिव्यांचा झोत खाली घेणारे छोटे चाक असते. सामान भरल्यावर ते फिरवावे.

वाटेत प्रसंग आला तर

रात्री चालत्या गाडीत बॅटरीच्या चिन्हाचा लाल दिवा लागला, तर चार्जिंग थांबले असे समजावे. अनेक गाड्यांत अल्टरनेटरचाच पट्टा इंजिनातील पाणीही फिरवितो. पट्टा तुटला असेल तर इंजिन तापते, तेव्हा गाडी ताबडतोब सुरक्षित जागी थांबविणेच योग्य. पट्टा शाबूत असेल तर वातानुकूलन, पंखा, रेडिओ बंद करून जवळचे उजेडाचे ठिकाण गाठावे. बॅटरी वाचविण्यासाठी हेडलाइट मात्र विझवू नयेत.

दुसऱ्या गाडीवरून स्टार्ट घ्यावा लागला, तर लाल तार आधी आपल्या मृत बॅटरीच्या धन टोकाला आणि मग चांगल्या बॅटरीच्या धन टोकाला लावावी. काळी तार चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला लावून तिचे शेवटचे टोक आपल्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर जोडावे. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघत असतो. ठिणगी त्याच्याजवळ पडू नये, हा यातील हेतू.

जळकट वास वा धूर आला तर किल्ली बंद करून सर्वांनी आधी खाली उतरावे आणि गाडीपासून दूर जावे. ११२ क्रमांकावर मदत मागवावी. बॉनेट सताड उघडू नये. हवा मिळून आग भडकते. गाडी रस्त्यालगत बंद पडली असेल तर चारही इंडिकेटर लावावेत, लाल त्रिकोण मागे पुरेशा अंतरावर ठेवावा आणि मुलाबाळांना गाडीत न बसविता रस्त्याच्या कडेला उभे करावे.

हौसेलाही मर्यादा हवी. एअरबॅगच्या पिवळ्या जोडांना आणि विजेवर किंवा हायब्रीड चालणाऱ्या गाड्यांतील नारिंगी तारांना घरच्या माणसाने हात लावू नये. नारिंगी तारांत १२ व्होल्टांचा खेळ नसून प्राणावर बेतणारी वीज असते.

पाच मिनिटांचा परिपाठ

महिन्यातून एकदा, तिन्हीसांजेला, गाडी भिंतीसमोर उभी करावी. पुढचे दोन्ही झोत भिंतीवर सारख्या उंचीला पडतात का ते पाहावे. मग एकाने आत बसून पार्किंग, ब्रेक, रिव्हर्स, इंडिकेटर क्रमाने लावावेत आणि दुसऱ्याने मागे उभे राहून सांगावे. शाळकरी मुलेही हे काम आवडीने करतात. इंडिकेटर मिनिटाला साधारण ६० ते १२० वेळा लुकलुकतो. एका बाजूचा भलताच घाईने लुकलुकू लागला तर त्या बाजूचा एखादा बल्ब गेला आहे, हे गाडीच सांगत असते. डॅशबोर्डच्या कप्प्यात प्रत्येक आकड्याचे दोन फ्यूज, एक हेडलाइटचा व एक ब्रेकचा बल्ब, छोटा पेचकस, काचकागदाचा तुकडा आणि विजेरी एवढे साहित्य असावे. बॅटरी कधी घेतली ती तारीखही तेथेच कागदावर लिहून ठेवावी, म्हणजे घाटातल्या अंधारात ती आठवत बसावे लागणार नाही.