घोट कुठे जातो?

सकाळी साडेसात. पालघर स्टेशनवर डहाणू लोकलची वाट बघता बघता मी व्हॉट्सॲप उघडते. पेशंटच्या घरून रात्रीचे निरोप आलेले असतात. कोण किती जेवलं ते नंतर. ‘ताप’ हा शब्द आधी शोधते. गिळताना श्वासनलिकेत गेलेलं अन्न बऱ्याचदा तापानेच वर्दी देतं.

मी स्पीच थेरपिस्ट. बोबडं बोलणारी मुलं माझ्याकडे येतात, पण बोईसरच्या दवाखान्यात माझा बराचसा दिवस गिळण्यातच जातो.

नऊ वाजता वॉर्ड. दांडीचे एक काका, मासेमारी करणारे, पक्षाघाताने उजवी बाजू गेलेली. मुलगा सांगतो, “मॅडम, पाणी व्यवस्थित पितात, ठसकासुद्धा लागत नाही.” मी चमच्याने पाणी देते, मग ‘आऽ’ म्हणायला लावते. आवाज ओला, गुळण्या करताना येतो तसा. ठसका न लागणं ही चांगली बातमी असेलच असं नाही. घशाची संवेदनाच गेली असेल, तर पाणी फुप्फुसाकडे जातं आणि माणूस शांत बसलेला दिसतो.

साडेदहाला कान-नाक-घसा डॉक्टर दुर्बीण घेऊन येतात. नाकातून बारीक लवचीक नळी आत सरकते, लॅपटॉपच्या पडद्यावर घसा दिसू लागतो. ही तपासणी १९८८ मध्ये अमेरिकेत सुसान लँगमोर आणि सहकाऱ्यांनी मांडली. क्ष-किरण लागत नाहीत, पेशंटच्या खाटेशीच करता येते. दुसरा मार्ग बेरियम गिळायला देऊन एक्स-रेचा व्हिडिओ काढण्याचा. त्यात तोंडापासून अन्ननलिकेपर्यंतचा सगळा प्रवास दिसतो. पण आमच्याकडे ती सोय नाही, आणि अर्धं अंग लुळं पडलेल्या माणसाला लोकलने मुंबईला न्या म्हणणं मला जड जातं.

काकांना हिरवा रंग घातलेलं दूध देतो. गिळायच्या क्षणी घसा आवळतो आणि पडदा पांढरा होतो. त्या क्षणात काय झालं ते या दुर्बिणीला दिसत नाही, ही तिची मर्यादा. चित्र परत आलं तेव्हा स्वरतंतूंच्या खाली हिरवी रेघ होती. खोकला नाही, काही नाही. तेच दूध पावडर घालून घट्ट केलं, तर वरच्या वर निभावलं. मुलाला मी पडद्यावरची रेघ दाखवली. माझ्या दहा वाक्यांनी पटलं नसतं ते त्याला पटलं.

तीननंतर, एमआयडीसीतली पहिली पाळी सुटल्यावर, जिभेच्या कॅन्सरवर रेडिएशन घेतलेले एक दादा येतात. हनुवटीखाली चिकटपट्ट्या लावायच्या. गिळताना स्नायूंनी लावलेला जोर लॅपटॉपवर आलेखासारखा उमटतो. रेघ वर गेली की तिथेच धरून ठेवायची. दादा बॉयलरवरचे, काट्यावर नजर ठेवायची सवय मुरलेली. मी थांबा म्हणेपर्यंत थांबत नाहीत. ‘ते गळ्याला करंट देणारं मशीन लावा ना’ ही मागणी मात्र रोजचीच. पक्षाघातानंतर व्यायामाच्या जोडीला त्याचा थोडा फायदा दिसतो. व्यायामाऐवजी नुसतं मशीन लावून पैसे घेणं मला मान्य नाही.

साडेपाचला सातपाटी. इथल्या आजींना पार्किन्सन्स. इथे माझं यंत्र म्हणजे १० मिलिची सिरिंज, शून्यापासून दहाच्या खुणेपर्यंत ६१.५ मिमी लांबीची. पातळ-घट्टाची ० ते ७ अशी आंतरराष्ट्रीय मोजपट्टी आहे, तिच्यातली ही चाचणी. दांडा काढायचा, टोक बोटाने बंद करून पेज १० मिलिपर्यंत भरायची, बोट काढून दहा सेकंद वाहू द्यायची. चार ते आठ मिलि उरली तर दुसरी पातळी, आजींना चालणारी. सूनबाईंच्या पेजेचे सहा उरले. पण पेज गार झाली की आणखी घट्ट होते, आणि तोंडात लाळेतलं द्रव्य स्टार्च फोडतं की पातळ होते. म्हणून पाणी आणि चहासाठी झँथन गमची पावडर. ती लाळेला दाद देत नाही. माशाचा काटा काढणं सूनबाईंना सांगावं लागत नाही. कुल्फी बंद, कारण तोंडात विरघळली की ती पाणीच. चहात बुडवलेली खारीही बंद. आजी म्हणाल्या, “मग राहिलं काय?” आम्ही दोघी निरुत्तर.

आठला वॉर्डमधून सिस्टरांचा फोन. पक्षाघाताचा नवा पेशंट, नातेवाइकांनी कोरड्या ओठांची दया येऊन अर्धा पेला पाणी पाजलंय. उद्या पहिला नंबर त्यांचा.

तुमच्या घरात असा प्रसंग आला, तर शुद्धीवर आलेल्या माणसाला लगेच पाणी, चहा किंवा तोंडाने गोळीही देऊ नका. गिळण्याची तपासणी झाली का, एवढं आधी डॉक्टरांना विचारा.