औषधाचा शोध आणि औषधाची मात्रा : सिकलसेल आजाराच्या संदर्भात एक अभ्यास

प्रस्तावना :

सुरत-भुसावळ लोहमार्गावरील खांडबारा हे नवापूर तालुक्यातील गाव. परिसरात मावची, गावीत, भिल्ल, कोकणा या जमातींची वस्ती आहे. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के होते. महाराष्ट्रातील आदिवासी समाजातील सिकलसेल आजाराच्या प्रमाणाकडे डॉ. सुदाम काटे यांनी अनेक वर्षांच्या सर्वेक्षणातून लक्ष वेधले. या जिल्ह्यातील भिल्ल व पावरा या जमातींत तो मोठ्या प्रमाणावर आढळतो. रक्ततपासणीनंतर मिळणारे वाहकाचे पिवळे कार्ड व रुग्णाचे लाल कार्ड येथील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनाही अपरिचित नाही.

नवीन औषध म्हणजे प्रयोगशाळेत एखाद्या शास्त्रज्ञाला अचानक गवसलेला रेणू, असा सर्वसाधारण समज असतो. सिकलसेलवरील औषधाचा इतिहास पाहता हा समज फारसा टिकत नाही. रेणू हाती असूनही तो औषध होण्यास एक शतकाहून अधिक काळ गेला, आणि औषध म्हणून मान्यता मिळाल्यानंतरही ते खांडबाऱ्यासारख्या ठिकाणच्या बालकास किती द्यावे हा प्रश्न शिल्लकच होता. प्रस्तुत लेखात या प्रवासाचा विचार केला आहे.

आजाराचे मूळ :

१९१० मध्ये शिकागो येथील डॉ. जेम्स हेरिक यांनी एका रुग्णाच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी आढळल्याची नोंद प्रसिद्ध केली. १९४९ मध्ये लायनस पाउलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा हिमोग्लोबिनच्या रेणूतील दोष असल्याचे दाखविले. पुढे १९५६-५७ मध्ये व्हर्नन इन्ग्राम यांनी त्या दोषाची नेमकी जागा शोधली. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतील सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, एवढाच तो फरक. मात्र त्यामुळे प्राणवायू कमी झाला की हे रेणू परस्परांना चिकटून लांब तंतू बनवितात, पेशी ताठर व वाकडी होते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. रुग्णाला होणाऱ्या असह्य वेदनांचे कारण हेच. महाराष्ट्रात नागपूर येथून शुक्ला व सोळंकी यांनी १९५८ मध्ये या आजाराच्या वाहकांविषयी नोंद प्रसिद्ध केली होती.

म्हणजे आजाराचे कारण रेणूच्या पातळीवर सर्वप्रथम उलगडलेल्या आजारांपैकी हा एक. तरीही त्यावरील पहिले औषध मान्य होण्यास पाउलिंग यांच्या शोधानंतर जवळजवळ पन्नास वर्षे लागली. कारण कळले की उपाय आपोआप सापडतो असे नाही, हे अध्यापनात आवर्जून सांगण्यासारखे आहे.

जुना रेणू, नवा उपयोग :

उपायाची दिशा एका साध्या निरीक्षणातून मिळाली. सिकलसेल असलेल्या अर्भकांना पहिले काही महिने त्रास होत नाही, याकडे जॅनेट वॉटसन यांनी १९४८ मध्ये लक्ष वेधले. गर्भावस्थेत शरीर वेगळ्या प्रकारचे हिमोग्लोबिन तयार करते व जन्मानंतर ते हळूहळू कमी होते. हे गर्भकालीन हिमोग्लोबिन तंतू बनण्यास अडथळा आणते. तेव्हा मोठ्या वयातही ते पुन्हा वाढविता आले तर? औषधसंशोधनाच्या परिभाषेत यालाच लक्ष्य निश्चित होणे असे म्हणतात.

१९८२ मध्ये अॅझासायटिडिन या औषधाने असे घडू शकते हे दिसून आले. परंतु दीर्घकाळ वापरल्यास त्यापासून कर्करोगाचा धोका संभवत असल्याने संशोधक अधिक सुरक्षित पर्यायाकडे वळले. तो पर्याय म्हणजे हायड्रॉक्सीयुरिया. हा रेणू जर्मनीत १८६९ मध्येच तयार झाला होता व अमेरिकेत १९६७ मध्ये त्याला कर्करोगावरील औषध म्हणून मान्यता मिळालेली होती. सिकलसेलच्या रुग्णांत त्यामुळे गर्भकालीन हिमोग्लोबिन वाढते, असे १९८४ मध्ये दिसले.

एवढ्यावर औषध सिद्ध होत नाही. हिमोग्लोबिन वाढणे ही प्रयोगशाळेतील खूण झाली. रुग्णाच्या वेदना कमी होतात काय, हा खरा प्रश्न. त्यासाठी अमेरिका व कॅनडातील २९९ प्रौढ रुग्णांवर चाचणी घेण्यात आली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने रुग्णांचे दोन गट करण्यात आले. एका गटास औषध व दुसऱ्यास तशीच दिसणारी परंतु औषधी गुण नसलेली कॅप्सूल देण्यात आली. कोणाला काय मिळते हे रुग्णास व उपचार करणाऱ्या डॉक्टरांसही ठाऊक नव्हते. औषध घेणाऱ्यांत वेदनेच्या झटक्यांचा वार्षिक मध्यक २.५, तर दुसऱ्या गटात ४.५ आढळला. हा फरक इतका स्पष्ट होता की चाचणी नियोजित मुदतीपूर्वीच थांबविण्यात आली. १९९५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले व १९९८ मध्ये अमेरिकेत प्रौढांसाठी मान्यता मिळाली.

हायड्रॉक्सीयुरियाचे काही टप्पे वाचले, कारण मानवी शरीरावरील त्याचे परिणाम आधीच माहीत होते. सर्वस्वी नव्या रेणूस प्राण्यांवरील विषाक्ततेची तपासणी, मोजक्या व्यक्तींवर सुरक्षिततेची चाचणी, काहीशे रुग्णांवर मात्रेची व परिणामाची चाचणी आणि त्यानंतर मोठी तुलनात्मक चाचणी अशी वाट चालावी लागते. त्यास साधारणतः दहा ते पंधरा वर्षे लागतात. मानवी चाचणीपर्यंत पोहोचलेल्या दहा रेणूंपैकी जेमतेम एक मान्यतेपर्यंत जातो. भारतात ही प्रक्रिया २०१९ च्या नवीन औषधे व वैद्यकीय चाचणी नियमांनुसार चालते. नव्या रेणूच्या चाचणीत दुर्बल घटकांतील व्यक्ती सहभागी असल्यास तिच्या संमतीचे दृकश्राव्य चित्रण करणे या नियमांनी बंधनकारक केले आहे. आदिवासी भागाच्या दृष्टीने ही तरतूद महत्त्वाची आहे. मात्र संमतीपत्र मराठीत व रुग्णाची बोली मावची, अशी स्थिती असल्यास चित्रणाने फारसे साधणार नाही.

मात्रेचा प्रश्न :

पाश्चात्त्य पद्धतीत हे औषध शरीराच्या वजनानुसार दर किलोस १५ मिलिग्रॅमपासून सुरू करून रक्ततपासण्यांच्या आधारे ३५ मिलिग्रॅमपर्यंत वाढविले जाते. औषधाने पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात, म्हणून या तपासण्या टाळता येत नाहीत. मोठ्या शहरातील रुग्णालयात हे शक्य आहे. पाड्यावरून तालुक्याच्या गावी येण्यातच ज्याचा दिवस व रोज बुडतो, त्याच्यासाठी ते कठीण आहे. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन व सहकाऱ्यांनी तीव्र आजार असलेल्या मुलांवर दर किलोस १० मिलिग्रॅम या न वाढविता दिलेल्या मात्रेचा अभ्यास केला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात कमी मात्रेनेही वेदनेचे झटके व रक्त चढविण्याची गरज घटल्याचे आढळले. नव्या रेणूच्या शोधाइतकी प्रसिद्धी अशा कामास मिळत नाही, पण नंदुरबारच्या रुग्णासाठी त्याचे मोल अधिक आहे.

दुसरी अडचण अगदी व्यावहारिक. हे औषध प्रामुख्याने ५०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये मिळत आले. बारा किलो वजनाच्या बालकास वरील हिशेबाने १२० मिलिग्रॅम हवे. कॅप्सूल उघडून तिचा चौथा भाग घरी अचूक कसा काढावा? लहान मुलांसाठी पातळ औषध परदेशात होते, परंतु त्याची किंमत हजारो रुपयांत होती. भारतीय बनावटीचे स्वस्त पातळ औषध २०२४ मध्ये उपलब्ध झाले.

नव्या औषधांचा अनुभव :

२०१९ मध्ये अमेरिकेत व्हॉक्सेलोटॉर व क्रिझानलिझुमॅब ही दोन औषधे मान्य झाली. पहिल्यास हिमोग्लोबिनची पातळी वाढते या आधारावर त्वरित मान्यता देण्यात आली होती. पुढील चाचण्यांत मृत्यू व वेदनेचे झटके यांबाबत चिंता निर्माण झाल्याने कंपनीने सप्टेंबर २०२४ मध्ये ते जगभरातून मागे घेतले. दुसऱ्याची युरोपातील मान्यता २०२३ मध्ये रद्द झाली, कारण पुढच्या चाचणीत लाभ दिसला नाही. खूण सुधारणे व रुग्ण सुधारणे यांतील अंतर येथे पुन्हा दिसले. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत मान्य झालेली जनुक-संपादनावर आधारित उपचारपद्धती गर्भकालीन हिमोग्लोबिनच्याच कल्पनेवर उभी आहे. तिची किंमत २२ लाख डॉलर ठरविण्यात आली.

१ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल अॅनिमिया निर्मूलन मोहिमेत तीन वर्षांत सात कोटी व्यक्तींच्या तपासणीचे लक्ष्य ठेवण्यात आले. तपासणीत आढळलेल्या रुग्णास औषध रोज व अनेक वर्षे घ्यावे लागते. नंदुरबार जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे दिवाळीनंतर दक्षिण गुजरातेत ऊसतोडीस जातात. अतिश्रम, शरीरातील पाणी कमी होणे व पहाटेची थंडी ही वेदनेचा झटका येण्याची परिचित कारणे नेमकी त्याच काळात एकत्र येतात, आणि औषध देणारे आरोग्य केंद्र त्या काळात गावी मागे राहिलेले असते. हंगाम संपेपर्यंत पुरेल इतके औषध बरोबर द्यावे, तर मधली रक्ततपासणी कोणी व कोठे करावी, याची व्यवस्था दोन राज्यांच्या आरोग्य विभागांना मिळून लावावी लागेल.