चाळिशीतला नवा चाळा!

‘आता काय आमचं खेळायचं वय राहिलंय?’ असं कुणी म्हणालं, की त्याला सरळ साताऱ्याला न्यावं. तेही पहाटे, रनिंगवाल्या मंडळींबरोबर!

२०१५ मध्ये सातारा हिल हाफ मॅरेथॉनचं नाव गिनेस बुकात गेलं, माहीत आहे का? एकाच डोंगरावर तब्बल २,६१८ जण धावले होते. रूटही खट्याळ. गावातून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढत कासच्या दिशेने जायचं आणि आल्या वाटेने परत. जाताना फुप्फुसं बोंबलतात, येताना गुडघे. कासची फुलं बघायची ती नंतर, गाडीतून!

‘व्यायाम करा’ म्हणणारे डॉक्टर स्वतः करतात का? नाशिकच्या महाजन बंधूंना विचारा. २०१५ मध्ये डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र या जोडगोळीने ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली. एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटर, सायकलवर, नऊ दिवसांच्या आत. ही रेस पूर्ण करणारी पहिली भारतीय टीम! दोन वर्षांनी नागपूरचे डॉ. अमित समर्थ तीच रेस एकट्याने मारून आले. पेशंटनी आता सबब तरी काय सांगावी?

पाऊस आला की क्रिकेट थांबतं? मुंबईत उलट सुरू होतं! १९४८ पासूनची कांगा लीग खेळली जाते ती पावसाळ्यात. खेळपट्टी उघडी, आउटफील्डला गवत माजलेलं. खणखणीत ड्राइव्ह मारावा, तर बॉल चार टप्प्यांत चिखलात बसकण मारतो. मग बॅट्समन वैतागून हवेतून मारतो आणि कॅच देऊन परत येतो. बोलरचे लाड पुरवणारी अशी स्पर्धा दुसरी नसावी.

दहीहंडीत टाळ्या वरच्याला, खांदेदुखी खालच्यांना! २०१२ मध्ये ठाण्यात जय जवान पथकाने नऊ थर लावून ४३ फुटांहून उंच मनोरा रचला आणि गिनेस रेकॉर्ड केलं. २०२५ मध्ये, पुन्हा ठाण्यातच, कोकण नगरच्या पथकाने चक्क दहा थर लावले. थरावर थर, बघणाऱ्यांची थरथर!

शूज महाग झालेत? बारामतीच्या लता करे साठी ओलांडल्यावर नऊवारीत, अनवाणी धावल्या. नवऱ्याच्या उपचारांसाठी पैसे हवे होते. शर्यत जिंकल्या. पुढे त्यांच्यावर सिनेमा निघाला आणि नायिकेचं काम? त्यांनीच केलं! या एका बाईपुढे सगळे ब्रँडेड शूज फिके.

आता रात्रभर चालणारा वर्कआउट. मंगळागौर! झिम्मा, पिंगा, सूप नाचवणं आणि बसफुगडी. उकिडवं बसून उड्या मारत फुगडी घालायची, वर तोंडाने गाणंही म्हणायचं. जिममध्ये हाच प्रकार स्क्वॉट जंप म्हणून पैसे घेऊन शिकवतात, तोही गाण्याशिवाय.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते, मोठ्या माणसांनी आठवड्याला किमान १५० मिनिटं तरी मध्यम व्यायाम करावा. भारतातल्या जवळजवळ निम्म्या प्रौढांना तेही जमत नाही. आळंदीहून पंढरपूरला निघालेले वारकरी मात्र आठवड्याचा कोटा पहिल्याच दिवशी संपवतात. पुढची सगळी वाट बोनस!

चालणं नको, पळणं नको? मग नुसतं हसा. जगभर पसरलेला लाफ्टर क्लब जन्मला कुठे, माहीत आहे का? अंधेरीत! १३ मार्च १९९५ ला डॉ. मदन कटारिया यांनी लोखंडवालातल्या बागेत अवघ्या पाच जणांत तो सुरू केला. आधी विनोद सांगून हसायचे. काही दिवसांत विनोदांचा स्टॉक संपला आणि उरले ते चावट. मग ठरलं, विनोदाशिवायच हसायचं! मे महिन्याचा पहिला रविवार हा जागतिक हास्यदिन. तेवढा मोकळा ठेवा. शूज नकोत, फिटनेस बँड नको. कवळी असेल तर तेवढी घट्ट बसवून या!