लगुना ताम्रपट

लगुना ताम्रपट हा फिलिपिन्समध्ये सापडलेला, कालनिर्देश असलेला सर्वांत जुना ज्ञात लिखित दस्तऐवज आहे. त्यावर शके ८२२ म्हणजे इसवी सन ९०० या वर्षाचा उल्लेख असून एका कुटुंबाला सोन्याच्या कर्जातून मुक्त केल्याची नोंद आहे. हा ताम्रपट मनिला येथील राष्ट्रीय संग्रहालयात जतन केलेला आहे.

शोध

लुझॉन बेटावरील लगुना प्रांतात, लुंबान नदीच्या मुखाजवळ वाळू उपसणाऱ्या एका मजुराला हा पत्रा १९८९ मध्ये सापडला. तो प्रथम पुराणवस्तूंच्या व्यापाऱ्याकडे गेला आणि नंतर राष्ट्रीय संग्रहालयाने विकत घेतला. मिंदोरो बेटावरील मांग्यान लोकांच्या लिपीचे अभ्यासक, मूळचे डच असलेले अंतोन पोस्त्मा यांनी त्याचे वाचन केले. शास्त्रीय उत्खननात न मिळाल्यामुळे ताम्रपटाचा मूळ थर व सोबतच्या वस्तू यांचा संदर्भ मात्र हरवला. साहजिकच त्याच्या अस्सलपणाचा निर्णय प्रामुख्याने लिपी, भाषा आणि तिथी यांच्या परीक्षणावर अवलंबून राहिला.

स्वरूप आणि भाषा

सुमारे ३० सेंटीमीटर लांब व २० सेंटीमीटर रुंद अशा या पातळ पत्र्याच्या एकाच बाजूवर दहा ओळी कोरल्या आहेत. लिपी प्राचीन कावी असून ती जावा बेटावर प्रचलित होती. तिचे मूळ दक्षिण भारतातील पल्लव लिपीत आहे. भाषा प्रामुख्याने जुनी मलय आहे. तीत संस्कृत शब्द विपुल असून जुन्या जावानी व जुन्या तागालोग भाषांच्या छटाही आढळतात. स्वस्ति, शक, वैशाख, कृष्णपक्ष, सोमवार, सेनापती, नायक हे त्यातील शब्द मराठी वाचकाला सहज ओळखता येतील.

कालनिर्णय

लेखात शके ८२२, वैशाख मास, कृष्णपक्षातील चतुर्थी, सोमवार अशी तिथी दिली आहे. ही शकगणना महाराष्ट्रात शालिवाहन शक म्हणून आजही पंचांगात वापरली जाते. शकाच्या आकड्यात ७८ मिळविल्यास इसवी सन ९०० येते. अभ्यासकांनी ही तिथी २१ एप्रिल ९०० अशी निश्चित केली आहे.

मजकूर

नामवरन नावाच्या प्रतिष्ठित व्यक्तीची मुलगी अंकातान व तिचा भाऊ बुकाह यांना हे ऋणमुक्तीपत्र देण्यात आले. कर्जाची रक्कम १ काती व ८ सुवर्ण, म्हणजे सुमारे ९२६ ग्रॅम सोने एवढी होती. तुंदुनच्या सेनापतीच्या वतीने पैला येथील प्रमुख जयदेव याने ही मुक्तता जाहीर केली. पुलिरन आणि बिनवांगन येथील प्रमुखांचेही उल्लेख आहेत. तुंदुन म्हणजे मनिलातील आजचे तोंदो, असे सामान्यतः मानले जाते. इतर काही स्थळांच्या निश्चितीबाबत मतभेद आहेत. पुढे कोणी हे कर्ज फिटले नाही असे म्हणेल तर, अशा आशयाच्या इशाऱ्यात लेख मध्येच तुटतो. त्यामुळे याला जोडून दुसरा पत्रा असावा, असे अनुमान केले जाते.

महत्त्व

फिलिपिन्सचा लिखित इतिहास १५२१ मध्ये मॅगेलनच्या आगमनापासून सुरू होतो, असे दीर्घकाळ समजले जाई. या ताम्रपटाने ती मर्यादा ६२१ वर्षे मागे नेली. आगुसान येथे १९१७ मध्ये मिळालेली सोन्याची मूर्ती आणि बुतुआन येथे १९७६ पासून उजेडात आलेल्या लाकडी नौका यांवरून तेथील लोकांची कारागिरी व दर्यावर्दी जीवन समजते. मात्र स्पॅनिश राजवटीपूर्वीच्या लुझॉनमध्ये कर्जाचा हिशेब, पदांची उतरंड आणि साक्षीनिशी लेख करून देण्याची पद्धत होती, हे या दहा ओळींमुळेच कळते.

संस्कृत शब्दांवरून तेथे भारतीय राजसत्ता होती, असा निष्कर्ष काढणे योग्य नाही. हे शब्द व ही गणना जावा आणि मलय प्रदेशांशी असलेल्या संपर्कातून तेथे पोहोचली. याच सुमारास महाराष्ट्रावर राष्ट्रकूटांचे राज्य होते. त्यांचे ताम्रपट बहुतांशी राजांनी दिलेल्या भूमिदानाचे आहेत. लगुना ताम्रपटात मात्र वडिलांच्या कर्जातून सुटलेल्या दोन भावंडांची नावे टिकून राहिली आहेत.