शॉकने मेला तो नशिबाने मेला नाही

१९८२ च्या संपानंतर परळ-लालबागच्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या. त्या जमिनींवर मॉल आले, टॉवर आले. तिथे ड्रिल चालवणारा, वेल्डिंग करणारा, पाण्यात उभा राहून पंप लावणारा कामगार मात्र आपल्याच वस्त्यांतला. बापाकडे गिरणीचं तिकीट होतं; पोराकडे हजेरीचा कागदही नसतो. शॉक लागून तो गेला की ‘नशीब’ म्हणून विषय संपवतात. आमचा सवाल आहे, हे नशीब लिहिलं कोणी?

परळच्या बीआयटी चाळीत राहिलेले बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. विजेचं खातंही त्यांच्याकडेच होतं. दारिद्र्यातून सुटायचं तर औद्योगिकीकरण हवं आणि त्यासाठी स्वस्त, मुबलक वीज हवी, हे त्यांनी १९४३ मध्ये ठामपणे मांडलं. श्रमिकाच्या सुटकेसाठी मागितलेली वीज श्रमिकाचाच बळी घेते, ही शरमेची गोष्ट आहे.

मालक सांगतो, ‘फ्यूज आहे ना!’ बांधवांनो, फ्यूज वायरला वाचवतो, माणसाला नाही. ५ अँपिअरचा फ्यूज उडण्याच्या कितीतरी आधी माणसाचं हृदय बंद पडू शकतं. ६० वॉटच्या बल्बमधून जेवढा करंट वाहतो, त्याच्या निम्माही जीव घ्यायला पुरतो. माणसाला वाचवतो तो ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी आणि नीट केलेलं अर्थिंग. लोहार चाळीत ही वस्तू सहज मिळते. एका जिवापुढे तिची किंमत ती काय?

म्हणून कामावर आपण अडून बसलं पाहिजे. मेन स्विच बंद करून त्याला कुलूप लावल्याशिवाय आणि टेस्टरने तपासल्याशिवाय वायरला हात नाही. टेप गुंडाळलेला जॉइंट ओल्या फरशीवर नाही. प्लगऐवजी होलमध्ये उघड्या वायरी खोचणं नाही. सोबत्याला शॉक लागला तर त्याला हात लावू नका. आधी मेन बंद करा. तो श्वास घेत नसेल तर छाती दाबत राहा आणि १०८ ला फोन करा.

एवढं करूनही कोणी दगावलाच, तर ‘अपघाती मृत्यू’ या दोन शब्दांवर समाधान मानू नका. २००३ च्या विद्युत कायद्याच्या कलम १६१ मध्ये अशा अपघाताच्या चौकशीची तरतूद आहे. विद्युत निरीक्षकाचा अहवाल मागा. कंत्राटदार चार नोटा हातावर ठेवून कोऱ्या कागदावर विधवेचा अंगठा घेत असेल, तर युनियनने आणि वस्तीने तिच्या पाठीशी उभं राहावं. नुकसानभरपाई ही भीक नाही, १९२३ पासून कायद्याने मानलेला हक्क आहे.

शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, हे कामाच्या जागेलाही लागू आहे. तिथला पहिला धडा मेन स्विच कुठे आहे, हा!