मराठी सातवीची फायनल

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबई इलाख्यातील मराठी मुलखात ज्यांचे बालपण गेले, त्यांच्या आठवणी ऐकताना एका परीक्षेचा उल्लेख हटकून येतो, आणि तो येताच सांगणाऱ्याचा स्वर किंचित गंभीर होतो. सरकारी दप्तरात तिचे नाव व्हर्नाक्युलर फायनल. गावात तिला कोणी सातवीची फायनल म्हणे, कोणी जुन्या सवयीने मुलकी. मराठी चौथी झाल्यावर ज्यांच्या घरी ऐपत असे आणि तालुक्याच्या गावी ज्यांची राहण्याजेवण्याची तजवीज होई, ती मुले इंग्रजी पहिलीत जाऊन मॅट्रिकच्या वाटेला लागत. उरलेल्यांपैकी बहुतेकांची शाळा गुरांमागे किंवा शेतावर संपे. आणि जी थोडी मुले चिकाटीने त्याच मराठी शाळेत सातवीपर्यंत टिकून राहत, त्यांच्या विद्याभ्यासाची ही परीक्षा म्हणजे अखेर असे. ती उत्तीर्ण झालेल्यास प्राथमिक शिक्षकाच्या, तलाठ्याच्या अथवा कचेरीतील एखाद्या लहानशा जागेसाठी अर्ज करता येई. क्रांतिसिंह नाना पाटील सत्याग्रहात उतरण्यापूर्वी तलाठ्याची नोकरी करीत होते, हे ध्यानात घेतले म्हणजे मराठी शाळेच्या शिदोरीवर बहुजनसमाजातील किती कर्तृत्व उभे राहिले असेल, याची कल्पना येते.

या परीक्षेपर्यंत पोहोचणेच मुळात किती दुर्घट होते, हे विसरून तिचा गौरव करणे मात्र अन्यायाचे होईल. महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन सादर करून निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली होती. बडोद्यात सयाजीरावांनी १९०६ मध्ये आणि करवीरात शाहू छत्रपतींनी १९१७ मध्ये ती आपापल्या संस्थानांत अमलात आणली. मुंबई इलाख्यात १९१८ आणि १९२३ चे कायदे झाले, तरी सक्ती बव्हंशी कागदावर राहिली. पहिलीच्या हजेरीपटावरील नावे सातवीपर्यंत येता येता बोटांवर मोजण्याइतकी उरत, आणि त्यांत मुलीचे व अस्पृश्य मानल्या गेलेल्या घरच्या मुलाचे नाव असणे हे अपवादाचे समजले जाई.

तथापि या परीक्षेच्या तयारीची जी रीत होती, तिच्यात मला आजही विचार करण्याजोगे पुष्कळ दिसते. माझे वडील सातारा जिल्ह्यातील एका लहान गावातून १९४० च्या सुमारास फायनलला बसले. घरात अक्षरओळख असलेले दुसरे कोणी नव्हते. पुस्तक उघडून मुलाला शिकवील असा माणूस नव्हता. आणि तरीही त्यांच्या अभ्यासाला सर्वांत मोठे साहाय्य घरातूनच झाले, ते त्यांच्या आईचे. आजी आठवडी बाजारात दाणे व तूप विकीत असे. फायनलच्या अंकगणितात तोंडी हिशेबाला मोठे महत्त्व. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी ही सारी अपूर्णांकांची कोष्टके मुखोद्गत लागत. आणि त्यांपैकी बरीचशी आजीला व्यवहारातून येत होती. संध्याकाळी जात्याशी बसून ती मुलाला विचारी, ‘जोंधळा मणाला सहा रुपये, तर साडेसात शेरांचे किती रे?’ पोर पाटीवर त्रैराशिक मांडू लागले की ती त्याला थांबवी. मणाला जितके रुपये, अडीच शेरांना तितकेच आणे, हा तिचा गुरू, म्हणजे तोंडी हिशेबाचा नियम. पक्क्या मणाचे शेर चाळीस, रुपयाचे आणे सोळा. चाळिसाचा सोळावा हिस्सा अडीच. म्हणून भाव कोणताही असो, हा गुरू चुकत नाही. अडीच शेरांचे सहा आणे, त्याच्या तिपटीने साडेसात शेरांचे अठरा, म्हणजे एक रुपया दोन आणे. हा गुरू का चुकत नाही, हे आजीला सांगता येत नसे. ते मुलाने शाळेत मास्तरांकडून समजून घेतले आणि घरी येऊन तिला समजावून सांगितले. शिकणारा आणि शिकवणारा यांच्या जागांची अशा रीतीने एका जात्याभोवती अदलाबदल होत होती, आणि वडिलांच्या सांगण्याप्रमाणे परीक्षेची भीती त्यांच्या मनातून गेली ती तेथेच.

मराठी शाळेत त्या काळी मोडीचे वाचन-लेखनही शिकवले जाई. क्रमिक पुस्तकातील मोडी सुबक छापलेली. खरी मोडी दस्तऐवजांत, आणि ती प्रत्येक कारकुनाच्या हाताबरोबर बदलणारी. म्हणून मास्तर मुलांना गावातील घरोघरच्या पेट्यांतील जुने कागद आणावयास सांगत. कबुलायती, फारखती, गहाणखते, साऱ्याच्या पावत्या असे नानाविध कागद उलगडून मुले अक्षरे लावीत बसत. यातून मुलांचे वाचन तर सुधारेच. पण एखाद्या कुणब्याला आपल्या बापाने लिहून दिलेल्या गहाणखताची मुदत आणि व्याजाची अट आपल्याच मुलाच्या तोंडून प्रथम ऐकावयास मिळे. सावकाराच्या वहीत काय लिहिले आहे हे वाचता येणारा माणूस घरात असणे, याचे मोल त्या घरांना कोणी समजावून सांगावे लागत नव्हते. परीक्षेच्या तयारीसाठी मुलाला शेतकामातून सुटी देण्यास नाखूश असलेला बापही असा एखादा कागद ऐकल्यावर राजी होई.

मास्तरांविषयी थोडे लिहिणे अवश्य आहे. स्कूल बोर्डाच्या शाळेतील मास्तर बहुधा त्याच गावी राहत, आणि स्वतः फायनल होऊनच त्या जागेवर आलेले असत. त्यामुळे मुलाला कोठे अडते हे त्यांना पुस्तकावरून शोधावे लागत नसे. परीक्षेच्या आधीच्या हिवाळ्यात मुले जेवण उरकून कंदील घेऊन शाळेत जात आणि तेथेच निजत. पहाटे मास्तर उठवून भूगोल व इतिहास म्हणून घेत. या जादा तासांचे वेतन कोणी देत नसे. निकालावर मास्तरांची अब्रू अवलंबून असे आणि डेप्युटीसाहेबांच्या तपासणीचा धाकही असे, हे मान्य करूनही एवढ्याने त्या कष्टांचा पुरता उलगडा होत नाही. त्याच काळात छडीने फुटलेले हात आणि पाठांतराच्या भयाने कायमची सुटलेली शाळा यांच्या कहाण्याही तितक्याच खऱ्या आहेत. पहाटेच्या अभ्यासाचे गुणगान करणाऱ्यांनी त्या दडपून ठेवू नयेत.

स्त्रियांच्या बाबतीत या परीक्षेने जे केले, त्याची नोंद पुरेशी झालेली नाही. पुण्यात १८७० मध्ये शिक्षिकांसाठी फीमेल ट्रेनिंग कॉलेज निघाले. पुढे अण्णासाहेब कर्वे यांचा अनाथ बालिकाश्रम आणि रमाबाई रानडे यांच्या अध्यक्षतेखाली १९०९ मध्ये पुण्यात स्थिरावलेले सेवासदन या संस्थांनी प्रौढ स्त्रियांना, त्यांतही अकाली वैधव्य आलेल्यांना, शिकवून स्वतःच्या पायांवर उभे केले. मराठी इयत्ता पुऱ्या करून ट्रेनिंगला जाणे आणि मुलींच्या शाळेत शिक्षिका होणे हा त्यांच्यासाठी सन्मानाच्या निर्वाहाचा जवळजवळ एकमेव मार्ग होता. धाकट्या भावाचा किंवा पुतण्याचा अभ्यास म्हणून घेता घेता आपणच फायनलचा फॉर्म भरणाऱ्या बहिणी आणि आत्या अनेक कुटुंबांत होऊन गेल्या.

स्वातंत्र्यानंतर हे सारे चित्र पाहता पाहता पालटले. मोडी शाळेतून गेली. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, पुढच्या वर्षापासून मण-शेरांच्या जागी किलोग्रॅम येऊ लागले, आणि आजीचा अडीच शेरांचा गुरू एकाएकी निरुपयोगी झाला. दशमान पद्धती न्याय्य आणि सुगम होती याविषयी मला शंका नाही. पण तिच्याबरोबर निरक्षर आईबापांचे हिशेबातील ज्ञान मुलाच्या अभ्यासातून बाहेर पडले, ही हानी त्या वेळी कोणी हिशेबात धरली नाही. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या, गावोगाव माध्यमिक शाळा निघाल्या, १९६७ मध्ये बालभारतीची स्थापना झाली, १९७५ पासून दहावीची शालान्त परीक्षा सुरू झाली. सातवीनंतर आठवी हे ओघानेच आले, आणि सातवीच्या अखेरीची परीक्षा आपले महत्त्व हरवून इतर वार्षिक परीक्षांत मिसळून गेली. हे व्हावयास हवेच होते. बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या आयुष्याचा निवाडा एका आठवड्याच्या उत्तरपत्रिकांवर करणारी व्यवस्था कितीही सवयीची झाली तरी क्रूरच होती.

तिची जागा पालकांच्या मनात शिष्यवृत्ती परीक्षेने घेतली. १९५४-५५ पासून चालत आलेली चौथीची व सातवीची ही परीक्षा २०१६-१७ मध्ये पाचवी व आठवीला नेण्यात आली. तिच्यातही शिक्षकांचे जादा तास, सुटीतील सराव आणि रात्रीची अभ्यासिका यांची परंपरा चालू राहिली, आणि दुर्गम भागातील कित्येक जिल्हा परिषद शाळांनी तिच्यात नाव मिळवले. परंतु फायनल सातवीत पोहोचलेल्या सर्व मुलांची होती आणि शिष्यवृत्ती निवडक मुलांची आहे, हा भेद मला फार मोठा वाटतो. वर्गातील चार हुशार मुले वेगळी काढून त्यांच्यावर वर्षभर मेहनत घेतली जाते तेव्हा मागच्या बाकावर बसलेल्याला आपण कोणाच्याच खिजगणतीत नाही हे न सांगता कळते. घरी आईबाप शेजारी बसतात ते बहुधा सराव प्रश्नसंचातील गुण मोजावयास. मुलाने एखादी गोष्ट उलगडून सांगावी आणि आपण ती ऐकावी, हा भाग मागे पडला आहे.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रारंभिक शिक्षण पुरे होईपर्यंत कोणत्याही मुलास मंडळाची परीक्षा उत्तीर्ण होण्याची सक्ती करता येणार नाही असे तिसाव्या कलमात स्पष्ट लिहिले, आणि या कायद्याने फुल्यांच्या सक्तीच्या शिक्षणाच्या मागणीला सव्वाशे वर्षांनी केंद्रीय कायद्याचे बळ आले. त्याच कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती होऊन पाचवी व आठवीच्या अखेरीस नियमित परीक्षा घेण्याचे ठरले आणि पुनर्परीक्षेतही अनुत्तीर्ण झालेल्याला त्याच वर्गात ठेवू देण्याची मुभा राज्यांना मिळाली, आणि महाराष्ट्राने २०२३ मध्ये तसे नियम केले. या फेरबदलावर जी चर्चा झाली ती जवळजवळ सगळी नापास करावे की करू नये या एका प्रश्नाभोवती फिरली. दुरुस्तीतील दुसऱ्या तरतुदीकडे मात्र थोड्यांचेच लक्ष गेले: अनुत्तीर्ण मुलास जादा अध्यापन द्यावयाचे आणि निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षेची संधी द्यावयाची. आपल्याकडे निकाल मे महिन्याच्या आरंभी लागतो आणि शाळा जूनच्या मध्यावर उघडते. म्हणजे या दोन महिन्यांतील मोठा भाग उन्हाळ्याच्या सुटीत जातो, जेव्हा शिक्षक आपल्या गावी गेलेले असतात आणि मजुरी करणारे आईबाप दिवसभर बाहेर असतात. ते जादा अध्यापन कोणी, कोठे आणि कोणत्या वेळी करावयाचे, याचे उत्तर प्रत्येक शाळेने निकालपत्रावर सही करण्यापूर्वी पालकांना लेखी दिले पाहिजे, आणि त्या कामाचा मेहनताना शिक्षकाला मिळाला पाहिजे. ते होत नाही तोवर पाचवीतल्या एकाही मुलाला मागे ठेवण्याचा अधिकार कोणाला आहे असे मी मानीत नाही.