बाड्यातली कडी, फ्लॅटमधली मूठ

ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या मराठी घरात दाराचं हँडल निखळून हातात आलं की पहिला सल्ला ठरलेला असतो : बाड्यावर जा आणि नवं घेऊन ये. बाडा म्हणजे इथला महाराज बाडा. जिवाजी चौक असंही त्याला म्हणतात. १८१०च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेला फौजेचा तळ टाकला, तळाचं गाव झालं, गावाचं शहर झालं, आणि फौजेला म्हणायचा ‘लश्कर’ हा फारसी शब्द शहराला नाव म्हणून चिकटला तो कायमचाच. ‘बाडा’ हा आपला वाडाच. हिंदीच्या तोंडी त्याच्या ‘व’चा ‘ब’ झाला, इतकंच. भोवती शिंद्यांचा जुना गोरखी महाल, टाउन हॉल, डाकघर, व्हिक्टोरिया मार्केट. फालका बाजार, पाटणकर बाजार, महाडिक की गोठ ही नावं ऐकली की इथे कोण येऊन राहिलं होतं ते वेगळं सांगावं लागत नाही. दाराचं सामान घ्यायचं तर लोहिया बाजारात. बिजागऱ्या, बोल्ट, कड्या, खिळे-स्क्रू, सगळं तिथे मिळतं.

पण त्या बाजारात पोचण्याआधी दारापाशी पाच मिनिटं थांबलं तर बहुतेक वेळा पैसे वाचतात. कारण सैल झालेल्या हँडलमध्ये दोष हँडलचा असतोच असं नाही. बरेचदा तो त्याच्या मागच्या लाकडाचा असतो, कधी बिजागरीचा, कधी चौकटीचा. हँडल फक्त तक्रार करतं.

हे समजून घ्यायला जुन्या वाड्याचं दार फार उपयोगी पडतं. त्या दाराला मूठ नसायचीच. कडी असायची आणि ती अडकवायला कोयंडा. ग्वाल्हेरच्या मराठी घरांत कडीसाठी सांकळ, कुंडी असे हिंदी शब्दही सर्रास चालतात, वस्तू तीच. कोयंड्याचे दोन पाय लाकडातून आरपार जात आणि मागच्या बाजूला ठोकून दुमडले जात. दार ओढताना जोर पडला तरी तो फळीच्या पूर्ण जाडीवर पडे. लाकूड फुगलं, आकसलं, तरी दुमडलेले पाय मागून धरून ठेवत. शिवाय कडी मुळातच लोंबकळणारी वस्तू. सैलपणा हा तिचा दोष नाही, तिची रचनाच तशी. म्हणून शंभर-सव्वाशे वर्षांच्या सागवानी दारावर कडी अजून वाजते आणि परवा-परवा बसवलेल्या न्हाणीघराच्या दारावरचं चकचकीत हँडल मात्र डुलायला लागतं.

आजच्या हँडलकडून अपेक्षा उलटी असते. त्यानं ताठ राहावं, जराही हलू नये, आणि हे सगळं चार-सहा बारक्या स्क्रूंच्या भरवशावर. स्क्रू लाकडाला धरतो तो आपल्या आट्यांनी. लाकडाचे तंतू आट्यांत रुतलेले असतात, तीच त्याची पकड. आता ग्वाल्हेरची हवा बघा. मे महिन्यात लू वाहते, पारा पंचेचाळीसच्या आसपास खेळतो, लाकडातली ओल उडून जाते. जुलैत पाऊस आला की तेच लाकूड पाणी पिऊन फुगतं. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, पण रुंदीत बदलतं. त्यातही वाढचक्रांच्या दिशेनं होणारा बदल हा गाभ्यापासून सालीकडे होणाऱ्या बदलाच्या साधारण दुप्पट असतो. लोखंडाचा स्क्रू मात्र जिथल्या तिथे. दर वर्षी लाकूड त्याला दाबतं आणि सोडतं, दाबतं आणि सोडतं. तंतू चिरडतात, भोक रुंदावतं. वर माणसं त्याच हँडलला ओला टॉवेल, भाजीची पिशवी, सकाळी दुधाची पिशवी लटकवतात. काही वर्षांत स्क्रू नुसता गरागरा फिरू लागतो.

फ्लश डोअरची कथा आणखी निराळी. बाहेरून ते अखंड लाकूड वाटतं, पण वर प्लाय आणि आत पट्ट्या किंवा जाळीदार भरण असतं. आत पोकळी असलेल्या दारात कुलूप बसवण्यासाठी कारखान्यातच एका कडेला भरीव ठोकळा घातलेला असतो. मिस्त्रीनं दार उलटं टांगलं, किंवा हँडल त्या ठोकळ्याच्या वर-खाली बसवलं, तर स्क्रूला धरायला पातळ प्लायशिवाय काही उरतच नाही. असं हँडल कितीही वेळा आवळा, सहा महिन्यांत पुन्हा डुलणार. पीव्हीसीच्या दारांचं तर याहून वाईट. आत सगळी पोकळी. तिथे लाकडाचा स्क्रू वापरणं म्हणजे पापडाला खिळा ठोकणं. आरपार जाणारा बोल्ट, मागे वॉशर आणि नट, एवढाच खरा इलाज. जरा विचार केला तर ही जुन्या कोयंड्याचीच युक्ती आहे.

तर दारापाशी थांबून काय बघायचं? आधी हँडल हलवून नक्की काय हलतं ते पाहावं. पट्टीसकट सगळंच हलत असेल तर स्क्रूंची भोकं गेली. पट्टी घट्ट आहे, पण नुसता दांडा आत-बाहेर सरकतो, तर दांड्याच्या मानेखाली एक बारीक स्क्रू लपलेला असतो, तो ढिला झालेला असणार. त्याला डोकं नसतं, षटकोनी खाच असते. अडीच-तीन मिलिमीटरची ॲलन की लागते. बऱ्याच घरांत नवं हँडल विकत आणलं जातं ते या हरभऱ्याएवढ्याही नसलेल्या स्क्रूपायी. आवळण्याआधी त्याच्या आट्यांना नेलपॉलिशचा एक थेंब लावला तर तो थरथरीनं सहज सुटत नाही.

दांडा दाबल्यावर वर परत येत नसेल, मान टाकल्यासारखा लोंबत असेल, तर स्प्रिंग तुटली. ही स्प्रिंग कधी हँडलच्या पट्टीत असते, कधी आतल्या कुलपात. हँडल काढून नुसता चौकोनी गज कुलपात घालून पक्कडीनं फिरवावा. तो झटकन मागे आला तर कुलूप ठणठणीत आहे, बिघाड हँडलमध्ये. आला नाही तर कुलपाची बॉडी बदलायची, हँडल तेच राहू द्यायचं. दुकानदार दोन्हींचा जोड सुचवेल. त्याचं तरी काय चुकलं, त्याचा तो धंदा आहे.

आणि हँडल शाबूत, पण दार लोटलं की खटका बसत नाही, जोरानं आपटावं लागतं? इथे गुन्हेगार जवळजवळ नेहमी वरची बिजागरी असते. तिचे स्क्रू ढिले झाले की दार नाकावर झुकतं आणि खटका चौकटीतल्या पट्टीच्या भोकाखाली उतरतो. खटक्याच्या टोकाला ओलसर कुंकू किंवा खडू लावून दार हळूच लोटावं. डाग नेमका कुठे उमटला यावरून किती उतरलं ते कळतं. बरेच मिस्त्री सरळ कानस काढून चौकटीतलं भोक मोठं करतात. त्यानं आजचं काम भागतं, पण दार झुकतच राहतं. आधी वरच्या बिजागरीचा एक स्क्रू काढून तिथे दोन इंची घालून पाहावा. तो चौकटीच्या आत खोलवर जातो, दार उचललं जातं, आणि पुष्कळदा कानशीची गरजच उरत नाही. पावसाळ्यात फुगलेलं दार रंधायला काढण्याचीही घाई नको. दिवाळीपर्यंत ते आपोआप आकसतं, आणि भाद्रपदात रंधलेल्या दाराला उन्हाळ्यात बोटभर फट पडते.

आता भोकं गेलेल्या हँडलची दुरुस्ती. लांब स्क्रू घालणं हा सोपा मार्ग, पण दाराची जाडी बघून. नाहीतर टोक पलीकडून डोकावतं. जाड स्क्रू घातला तर त्याचं डोकं पट्टीच्या खाचेत नीट बसत नाही, वर राहतं आणि हाताला लागतं. सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे भोक पुन्हा लाकडानं भरणं. काडेपेटीच्या काड्या वापरायची पद्धत घरोघरी आहे आणि ती अगदीच वाईट नाही, फक्त काडीचं लाकूड मऊ असतं. सागवानाची चिरलेली कामटी मिळाली तर उत्तम. नाहीतर विझलेल्या उदबत्तीची काडी, ती बांबूची असते. काड्या फेविकॉलमध्ये बुडवून भोकात गच्च ठोकायच्या, वर आलेला भाग ब्लेडनं सपाट कापायचा आणि मग धीर धरायचा. इथेच बहुतेकांचं बिनसतं. तासाभरात स्क्रू घातला तर ओला डिंक आट्यांबरोबर फिरतो आणि सगळी मेहनत जाते. एक पूर्ण दिवस जाऊ द्यावा. मग स्क्रूपेक्षा बारीक भोक पाडून, आट्यांवर जरा साबण किंवा मेण घासून स्क्रू हातानं आवळावा. बॅटरीचा ड्रिल या शेवटच्या दोन फेऱ्यांसाठी नको; तो नुकतंच भरलेलं भोक क्षणात कुरतडतो. स्क्रू पितळी असतील तर जुने सुतार आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू घालून वाट पाडून घेतात, कारण पितळ मऊ, घट्ट लाकडात त्याचं मुंडकं तुटून येतं.

तेलाबद्दलही एक सांगायला हवं. कुलूप अडलं की स्वयंपाकघरातलं तेल सोडायची सवय आपल्याकडे फार. ते काही दिवस सुखानं चालतं, मग चिकट होतं, धूळ धरतं, आणि आत काळा लगदा साचतो. किल्लीच्या भोकात मऊ पेन्सिलीच्या शिशाची पूड घालणं बरं. खटक्याच्या तिरप्या बाजूला मेणबत्ती घासली की पुरे.

बदलायचंच ठरलं तर दर्जाचा प्रश्न येतो. भारतीय मानक ब्युरोची दारांच्या हँडलसाठी आयएस २०८, उभ्या मॉर्टिस कुलपांसाठी आयएस २२०९, आणि आपण ज्याला आल्ड्रॉप म्हणतो त्या सरकत्या बोल्टसाठी आयएस २८१ अशी मानकं आहेत. युरोपात लिव्हर हँडल यंत्रावर दाबून-सोडून तपासतात. ईएन १९०६ या मानकात वरच्या दोन श्रेणींसाठी अनुक्रमे १ लाख आणि २ लाख वेळा. आकडा मोठा वाटतो, पण पाच माणसांच्या घरात न्हाणीघराचं दार दिवसाला ४० वेळा उघडलं तर वर्षाचे १४,६०० होतात, म्हणजे एक लाख सात वर्षांत संपले. दिवाणखान्याचं हँडल शोभेसाठी घ्यावं आणि न्हाणीघराचं मजबुतीसाठी. बहुतेक घरांत नेमकं याच्या उलट होतं.

वजन हा दुकानातला चांगला पंच. स्वस्त हँडल जस्ताच्या मिश्रधातूचं ओतीव असतं आणि त्यावर पितळी मुलामा असतो. लोहचुंबक लावून इथे काही कळत नाही, तो जस्ताला चिकटत नाही आणि पितळेलाही नाही. पितळ त्याच आकारात जड लागतं, आणि पट्टीच्या मागच्या बाजूचा रंग कधी खोटं बोलत नाही. पितळेची आणखी एक बाजू करोनाकाळात पुन्हा चर्चेत आली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात तो विषाणू तांब्यावर चार तासांनंतर जिवंत सापडला नाही, पोलाद आणि प्लॅस्टिकवर मात्र दोन-तीन दिवस टिकला. तांब्याच्या मिश्रधातूंना जंतुनाशक म्हणून अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं २००८ मध्येच मान्यता दिली होती. अर्थात हा गुण उघड्या धातूचा. वर लाखेचा किंवा क्रोमचा थर असला तर हात लागतो तो थराला.

घरात आजी-आजोबा असतील तर गोल मूठ घेऊच नये. ती फिरवायला बोटांची पकड आणि मनगटाचा पीळ, दोन्ही लागतात. संधिवात असलेल्यांना नेमकं तेच जमत नाही. लिव्हर मात्र कोपरानंही दबतो, हातात दोन पिशव्या असल्या तरी. कॅनडातल्या व्हँकूवर शहरानं २०१४ पासून नव्या घरांत गोल मुठीऐवजी लिव्हर बसवण्याचा नियमच केला. लहान मूल असेल तर न्हाणीघराच्या आतल्या कडीला बाहेरून नाण्यानं फिरवता येणारी खाच आहे ना, हे बघून घ्यावं. आणि कुणी आत असताना हँडल गळून पडलंच, तर घाबरून दार तोडू नये. चौकोनी गज जागेवर असेल तर तो पक्कडीनं फिरवला की दार उघडतं.

लोहिया बाजारात जाताना जुनं हँडल पिशवीत टाकून न्यावं. नेणं शक्य नसेल तर चार मापं लागतात : पट्टीची लांबी, दांड्याच्या मध्यापासून किल्लीच्या भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर, चौकोनी गजाची जाडी आणि दाराची जाडी. शिवाय दार डाव्या हाताचं की उजव्या, हेही. तिथे जुने दुकानदार अजून सुतात बोलतात, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तुमचे आठ मिलिमीटर ऐकून ते क्षणभर छताकडे बघतील आणि अडीच सूत म्हणून बरोबर गज काढून देतील. नवी पट्टी जुनीपेक्षा तसूभर लांब-रुंद मिळाली तर घ्यावी. वर्षानुवर्षांच्या पॉलिशमध्ये जुन्या पट्टीखालचं लाकूड फिकट राहिलेलं असतं, जुनी भोकंही असतात, आणि आखूड पट्टी लावली की ती सगळी बाहेर दिसतात.